काचेपलीकडचा कान : संगीत ध्वनिमुद्रणाचे शिक्षण आणि व्यवसाय

ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गायक, संगीतकार आणि गीतकार यांची नावे ठळक अक्षरांत छापली जात. ध्वनिमुद्रकाचे नाव असलेच, तर ते अगदी खालच्या ओळीत, बारीक टायपात असे. आता वेष्टनच उरलेले नाही आणि मोबाइलवर गाणे ऐकणाऱ्याला ते नाव सहसा दिसतही नाही. तरीही ‘लताबाईंचा आवाज’ किंवा ‘कुमारांचा आवाज’ म्हणून जो आपल्या ओळखीचा आहे, तो बहुतेकांनी मायक्रोफोन, फीत आणि ध्वनिक्षेपक यांच्या वाटेनेच ऐकलेला आहे. त्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसाला चित्रपटसृष्टीत ‘रेकॉर्डिस्ट’ म्हणत, आता ‘साऊंड इंजिनीअर’ किंवा ‘ऑडिओ इंजिनीअर’ म्हणतात.

या व्यवसायाकडे वळू पाहणाऱ्या तरुणांची संख्या गेल्या दोन दशकांत वाढली, यात नवल नाही. ज्या कामासाठी एकेकाळी स्वतंत्र इमारत आणि अवजड यंत्रसामग्री लागत असे, त्यातले बरेचसे आज एक लॅपटॉप, दोन वाहिन्यांचा ऑडिओ इंटरफेस, एक बरा मायक्रोफोन आणि हेडफोन एवढ्यावर घरच्या खोलीत करता येते. परंतु जेथे नवशिका उमेदवार अनुभवी ध्वनिमुद्रकाच्या पाठीमागे वर्षानुवर्षे बसून ऐकत असे, ते मोठे स्टुडिओ याच काळात एकामागून एक बंद झाले. यंत्र शिकणे सोपे झाले आणि कान तयार करणे अवघड झाले, ही आजच्या विद्यार्थ्यापुढील खरी अडचण आहे. अभ्यासक्रमाची निवड, शुल्काचा विचार आणि पहिल्या चार-पाच वर्षांचे नियोजन ही अडचण ओळखूनच केले पाहिजे.

कर्ण्यापासून संगणकापर्यंत

भारतातील व्यापारी ध्वनिमुद्रणाचा आरंभ १९०२ साली झाला. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गाइसबर्ग यांनी त्या वर्षी कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. तेव्हा वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, त्या दाबाने सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर रेघ उमटायची. आवाज कमी-जास्त करण्याचा उपाय एकच, तो म्हणजे गाणाऱ्याला पुढे-मागे सरकवणे. तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची. वन्समोअरवर वन्समोअर घेत रंगणारे नाट्यपद त्या तीन मिनिटांत बसवावे लागे. आपल्या संगीतातील ‘रेकॉर्डचे गाणे’ नावाचा प्रकार अशा यांत्रिक मर्यादेतून जन्माला आला, हे विसरू नये.

१९२५च्या सुमारास विद्युत ध्वनिमुद्रण आले आणि मायक्रोफोनमुळे हळू, कुजबुजता आवाजही टिपता येऊ लागला. मराठी भावगीताची हळुवार गायकी मायक्रोफोनवाचून तशी उमलली असती का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुढे मुंबईत ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा स्टुडिओंत मोठमोठे वाद्यवृंद एकाच वेळी वाजत आणि गायक त्यांच्यासोबतच गात. मायक्रोफोन मोजके असत. कोणते वाद्य किती अंतरावर बसवायचे, हेच त्या काळचे मिक्सिंग. ‘महल’ (१९४९) या चित्रपटातील गाजलेल्या गीताच्या आरंभी दुरून येणाऱ्या आवाजाचा भास व्हावा, म्हणून लता मंगेशकर मायक्रोफोनपासून लांब उभ्या राहून गात-गात जवळ आल्या, अशी हकीकत सांगितली जाते. आज हाच परिणाम साधण्यासाठी कृत्रिम अनुनादाचे बटण फिरवतात. पण अंतर बदलले की आवाजाची पातळी, तिचा पोत आणि खोलीचा वाटा या तिन्ही गोष्टी एकदम बदलतात. बटणाने त्या तिन्हींचा मेळ आपोआप बसत नाही.

या स्टुडिओंत शिक्षणाची एक अलिखित परंपरा होती. मीनू कात्रक, रॉबिन चॅटर्जी यांच्यासारखे ध्वनिमुद्रक आणि परळच्या राजकमल कलामंदिरात चित्रपटांच्या अंतिम ध्वनिमिश्रणासाठी ख्यातनाम झालेले मंगेश देसाई यांच्या हाताखाली काम करणे, हीच पदवी मानली जाई. उमेदवाराने आधी केबल गुंडाळायच्या, स्टँड लावायचे, फीत चढवायची आणि उरलेल्या वेळात गप्प बसून ऐकायचे. ही पद्धत कष्टाची होती आणि पुष्कळदा अन्यायाचीही, त्यामुळे तिचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. मात्र चांगला ‘टेक’ आणि पुरेसा ‘टेक’ यांतला फरक त्या गप्प बसण्यातूनच कानात उतरत असे. बहुपथ फीत आली तसे वादक वेगवेगळ्या वेळी येऊन आपापला भाग वाजवू लागले. संगणक आल्यावर ते वेगवेगळ्या गावांतून आपापले ध्वनिमुद्रण पाठवू लागले. एकत्र बसण्याची गरज संपली आणि उमेदवाराची मागची खुर्चीही गेली.

काम नेमके कोणते?

संगीत ध्वनिमुद्रणाचे चार टप्पे पडतात : प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, संपादन, मिक्सिंग आणि मास्टरिंग. मोठ्या प्रकल्पांत ही कामे निरनिराळ्या व्यक्ती करतात. मराठी अल्बम, अभंग किंवा मालिकांची शीर्षकगीते यांसारख्या मर्यादित खर्चाच्या कामांत चारही बहुधा एकाच माणसाकडे येतात.

यांतला पहिला टप्पा सर्वांत मोलाचा आणि अभ्यासक्रमांत सर्वांत उपेक्षित आहे. तबला-डग्ग्याचेच उदाहरण घेऊ. तबल्यावर शाईचा लेप असल्यामुळे त्याचे वरचे अंशस्वर मूळ स्वराशी मेळ राखतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या सुमारास भारतीय चर्मवाद्यांच्या या वैशिष्ट्याचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. ध्वनिमुद्रकाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की तबला सुरात बोलतो आणि मायक्रोफोनची दिशा जराशी बदलली तरी त्याचा सूर पातळ किंवा जाड ऐकू येतो. मायक्रोफोन चाटेकडे झुकवला की ‘ना’ धारदार येतो. थोडा वर आणि मागे नेला की बोलांची गोलाई वाढते, पण शेजारच्या हार्मोनियमचा आवाजही आत शिरतो. डग्ग्याचा घुमारा १०० हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली राहतो. लहान स्पीकरवर तो ऐकूच येत नाही, म्हणून अननुभवी हात तो वाढवत जातो आणि मोठ्या ध्वनियंत्रणेवर सगळे गाणे त्यात बुडून जाते.

दोन मायक्रोफोन लावले की आणखी एक हिशेब सुरू होतो. ध्वनी एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. एकाच वाद्याचा आवाज दोन मायक्रोफोनांपर्यंत १७ सेंटिमीटरच्या फरकाने पोहोचला, तर तो अर्ध्या मिलिसेकंदाचा फरक झाला. दोन्ही वाहिन्या समान पातळीवर एकत्र केल्यावर १००० हर्ट्झ आणि त्याच्या विषम पटींच्या जवळचा ध्वनी परस्परांना मारू लागतो. वाद्य चांगले, वादक चांगला, मायक्रोफोन महागडा, तरीही आवाज ‘पोकळ’ का वाटतो, याचे उत्तर पुष्कळदा येथे सापडते. दोन मायक्रोफोनांमधील अंतर हे मायक्रोफोन आणि वाद्य यांमधील अंतराच्या निदान तिप्पट असावे, हा जुना ठोकताळा आजही उपयोगी आहे.

हार्मोनियमच्या भात्याची फसफस, तानपुऱ्याची जवार, टाळांचा कानात घुसणारा टोकदार आघात यांपैकी प्रत्येकाची वेगळी समस्या असते. अभंगाच्या ध्वनिमुद्रणात टाळाची सरासरी पातळी मीटरवर कमी दिसते, पण त्याचे क्षणिक शिखर इतके उंच असते की वाहिनी फाटते. २४ बिटच्या ध्वनिमुद्रणात सरासरी पातळी उणे १८ डेसिबलच्या आसपास ठेवून वर मोकळी जागा सोडावी, असे म्हणतात ते यासाठीच. दर बिटामागे सुमारे ६ डेसिबल या हिशेबाने १६ बिटांत ९६ आणि २४ बिटांत १४४ डेसिबलचा तात्त्विक पल्ला मिळतो. म्हणजे पातळी थोडी कमी ठेवल्याने काहीही गमावत नाही. तरीही मीटर लाल होईपर्यंत आवाज चढवण्याची फितीच्या काळातील सवय अनेक ठिकाणी अजून टिकून आहे.

आणि मग गायक. काचेपलीकडे उभ्या असलेल्या माणसाच्या कानात काय जाते, यावर तो काय गाईल हे अवलंबून असते. हेडफोनमध्ये साथसंगत जास्त मोठी झाली की गायक ओढून गातो, स्वतःचा आवाज जास्त झाला की आखडतो. सूर हलू लागला की कित्येक अनुभवी गायक एका कानावरचा हेडफोन मुकाट्याने बाजूला सारतात. हे पाहून काचेअलीकडच्या माणसाने मिश्रण बदलायला हवे. संगणकाच्या बफरमुळे होणारा विलंबही येथेच जाणवतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ नमुन्यांचा बफर म्हणजे एका बाजूने सुमारे ५.३ मिलिसेकंद. जाण्या-येण्याचा एकूण विलंब १० मिलिसेकंदांपलीकडे गेला की बऱ्याच गायकांना आपला आवाज ‘मागून’ येतोय असे वाटू लागते. ‘टेक बरा होता, पण अजून एक घेऊ’ हे वाक्य कधी आणि कोणत्या स्वरात उच्चारायचे, हे कोणत्याही पुस्तकात नसते. थकलेल्या गायिकेला सातव्यांदा तीच ओळ गायला लावणारा ध्वनिमुद्रक तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही गाणे घालवू शकतो.

संपादनात आज सर्वांत वादाचा विषय सूर दुरुस्तीचा आहे. ‘ऑटो-ट्यून’ हे साधन १९९७ साली बाजारात आले. ते मूलतः बारा स्वरांच्या ठरावीक जागा मानून चालते. आपल्याकडे दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार कोणत्याही एका जागेवर उभा राहत नाही. मींड तर दोन स्वरांमधल्या प्रवासासाठीच असते. राग न ओळखणाऱ्या तंत्रज्ञाने हे साधन सरसकट लावले, तर जे बेसूर होते ते सुधारते आणि जे सुंदर होते ते सपाट होते. म्हणून भारतीय संगीताचे ध्वनिमुद्रण करू इच्छिणाऱ्याला स्वरज्ञान हवे, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. गाता आले नाही तरी चालेल. पण ‘काळी चार’ म्हणजे काय, सम कुठे आली आणि गायकाने मुद्दाम खाली लावलेला निषाद कोणता, हे कळलेच पाहिजे.

मिक्सिंगविषयी बाजारात इतके शिकवले जाते की येथे अधिक लिहिण्याचे कारण नाही. मास्टरिंगबाबत एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. आवाज जास्तीत जास्त मोठा करण्याची जी चढाओढ सीडीच्या काळात लागली होती, तिला ऑनलाइन श्रवणसेवांनी बरीच खीळ घातली. स्पॉटिफायसारखी सेवा सर्व गाणी साधारण उणे १४ एलयूएफएस या समान पातळीवर आणून वाजवते. त्यामुळे पिळून मोठे केलेले गाणे तेथे खाली उतरवले जाते आणि त्याचा चिरडलेला पोत तेवढा शिल्लक राहतो.

कोठे शिकावे?

पुण्यातील भारतीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था (एफटीआयआय) १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेवर सुरू झाली. तेथील ध्वनिविषयक अभ्यासक्रम पदवीनंतरचा आणि तीन वर्षांचा आहे. कोलकात्यातील सत्यजित राय चित्रपट आणि दूरचित्रवाणी संस्था १९९५ची. तेथेही ध्वनी हा स्वतंत्र विभाग आहे. ‘स्लमडॉग मिलिऑनेर’च्या ध्वनिमिश्रणासाठी २००९ साली सहकाऱ्यांसह ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी हे पुण्याच्या संस्थेचेच विद्यार्थी. जागा मोजक्या, प्रवेशपरीक्षा कठीण, त्यामुळे तयारी आधीपासून हवी. प्रवेशाच्या अटी वेळोवेळी बदलतात, म्हणून त्या-त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहणे श्रेयस्कर.

पण या दोन्ही संस्थांचा केंद्रबिंदू चित्रपट आहे. तेथील शिक्षण संवादांचे ध्वनिमुद्रण, ध्वनिआरेखन आणि पडद्यावरील दृश्याशी ध्वनीचे नाते यांभोवती फिरते. संगीताचे ध्वनिमुद्रण हा त्यातला एक भाग असतो. केवळ संगीतात रस असलेल्याने ही गोष्ट आधीच समजून घ्यावी. गोरेगावच्या चित्रनगरीतील व्हिसलिंग वुड्स, ए. आर. रहमान यांनी २००८ मध्ये चेन्नईत सुरू केलेली के. एम. संगीत संस्था यांसारख्या खासगी संस्थांतही ध्वनी वा संगीत तंत्रज्ञान शिकवले जाते. परदेशी जायचेच, तर जर्मनीतील ‘टोनमाइस्टर’ या परंपरेची माहिती घ्यावी. डेटमोल्ड येथे १९४९ साली सुरू झालेल्या या शिक्षणक्रमात उमेदवाराला वाद्य वाजवता यावे लागते, स्वरलिपी वाचता यावी लागते आणि गणित व भौतिकशास्त्रही पेलावे लागते. इंग्लंडमधील सरे विद्यापीठात याच नावाचा पदवी अभ्यासक्रम आहे. संगीत आणि अभियांत्रिकी हे एकाच माणसात असले पाहिजेत, हा त्यामागचा विचार. आपल्या विद्यापीठांनी तो अद्याप गंभीरपणे घेतलेला नाही. संगीत विभागात मायक्रोफोन नसतो आणि अभियांत्रिकीच्या विभागात तानपुरा नसतो.

शहरोशहरी चालणाऱ्या सहा महिन्यांच्या आणि वर्षाच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमांबाबत सावध राहणे बरे. सगळेच वाईट आहेत असे नाही, पण यांतील बरेचसे प्रत्यक्षात एखादी संगणकप्रणाली शिकवतात. प्रो टूल्स, लॉजिक, क्यूबेस, रीपर यांपैकी कोणतीही प्रणाली चिकाटीचा विद्यार्थी काही महिन्यांत घरी शिकू शकतो. तेवढ्यासाठी मोठे शुल्क भरणे व्यर्थ आहे. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी संस्थेला थेट प्रश्न विचारावेत : जिवंत वादकांसह ध्वनिमुद्रणाची सत्रे वर्षात किती होतात? त्यांत विद्यार्थी स्वतः मायक्रोफोन लावतो की नुसता पाहतो? एका सत्राला किती विद्यार्थी असतात? शिकवणारे आजही व्यवसायात आहेत का? उत्तरे गुळमुळीत आली, तर त्याच पैशांत दोन बरे मायक्रोफोन आणि खोलीचे ध्वनिशोषण करून घेऊन वर्षभर सराव करणे अधिक फलदायी ठरेल.

मागची खुर्ची स्वतःच मांडावी

सराव म्हणजे काय, तेही सांगितले पाहिजे. शेजारच्या गायन वर्गातील विद्यार्थी, भजनी मंडळ, हौशी नाट्यसंस्था यांचे ध्वनिमुद्रण विनामूल्य करण्याची तयारी ठेवावी. एकच तबला एकाच मायक्रोफोनने दहा जागांवरून मुद्रित करावा, प्रत्येक जागेची मोजमापे वहीत लिहावीत आणि दुसऱ्या दिवशी वही न पाहता ऐकून जागा ओळखण्याचा प्रयत्न करावा. कोणत्या कंप्रतेवर आवाज वाढवला आहे हे ओळखण्याचे सरावही उपलब्ध आहेत. रोज वीस मिनिटे ते केल्यास काही महिन्यांत फरक जाणवतो. जुन्या ध्वनिमुद्रिका एक-एक वाद्य वेगळे काढत ऐकाव्यात. हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी जुन्या गाण्यातून गायन आणि साथ वेगळी करता येते. अभ्यासासाठी ते उपयुक्त आहे, मात्र अशा रीतीने वेगळा केलेला आवाज मूळ ध्वनिमुद्रणासारखा स्वच्छ नसतो, हे ध्यानात ठेवावे. आपोआप मास्टरिंग करून देणाऱ्या सेवाही आल्या आहेत. साध्या कामांचा काही भाग त्या घेणार, हे उघड आहे. अंधाऱ्या खोलीत घाबरलेल्या गायकाला धीर देण्याचे काम मात्र त्या अंगावर घेत नाहीत.

मैफलींची ध्वनिव्यवस्था ही आणखी एक शाळा. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवासारख्या मोठ्या मंचापासून गणेशोत्सवातील कार्यक्रमांपर्यंत सर्वत्र साहाय्यकांची गरज असते. तेथे ‘अन्डू’ नसते. मायक्रोफोन शिटी मारू लागला की तीन सेकंदांत निर्णय घ्यावा लागतो. स्टुडिओतील आरामशीर वातावरणात वाढलेल्या तरुणाने दोन हंगाम हे काम जरूर करावे.

पैसा आणि हक्क

या व्यवसायात ठरावीक वेतनश्रेणी नाही. स्टुडिओत साहाय्यक म्हणून लागल्यास आरंभी मिळणारी रक्कम मुंबईतील भाड्याला पुरेलच असे नाही, हे पालकांनी गृहीत धरावे. पुढे काम शिफ्टवर, गाण्यामागे किंवा संपूर्ण प्रकल्पासाठी ठरते. निव्वळ संगीतावर पोट भरणारे थोडे असतात. बहुतेकजण जाहिराती, डबिंग, श्राव्य पुस्तके, पॉडकास्ट, मालिकांचे पार्श्वसंगीत यांची जोड देतात. त्यात कमीपणा नाही. उलट निवेदकाचा आवाज आठ-आठ तास स्वच्छ टिपण्याने कान आणि शिस्त दोन्ही घडतात.

कायद्याची बाजू मात्र बहुतेकांना उशिरा कळते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, तांत्रिक काम करणारा ध्वनिमुद्रक त्यात येत नाही. २०१२च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांच्या स्वामित्वधनाला संरक्षण दिले, पण ध्वनिमुद्रकाला त्यात वाटा नाही. गाणे कितीही गाजले, तरी करारात वेगळे लिहिलेले नसेल तर त्याला ठरलेले मानधनच मिळते. म्हणून काम सुरू होण्यापूर्वी ईमेलवर का होईना, मानधन, दुरुस्त्यांची संख्या, मूळ फाइली किती काळ सांभाळायच्या आणि श्रेयनामावलीत नाव कसे येईल, हे लिहून घ्यावे. चित्रपट आणि दूरचित्रवाणीत काम करणाऱ्या ध्वनितंत्रज्ञांची मुंबईत ‘वेस्टर्न इंडिया मोशन पिक्चर अँड टेलिव्हिजन साऊंड इंजिनीअर्स असोसिएशन’ ही संघटना आहे. त्या क्षेत्रात शिरणाऱ्याने तिच्या सदस्यत्वाची चौकशी करावी. घरच्या खोलीत अल्बमचे काम करणाऱ्या असंख्य तरुणांपाठीमागे मात्र कोणतीच संघटना नाही, आणि बुडालेल्या मानधनाच्या तक्रारी सर्वाधिक तेथूनच येतात.

कानांची निगा

ज्या इंद्रियावर पोट अवलंबून, त्याची हेळसांड या व्यवसायात सर्रास होते. ८५ डेसिबलच्या पातळीवर दिवसाला आठ तास, ही कामाच्या ठिकाणची सुरक्षिततेची मर्यादा अमेरिकेतील ‘नायॉश’ ही संस्था सुचवते. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो : ८८ला चार तास, ९१ला दोन, १००ला अवघी पंधरा मिनिटे. ढोल-ताशा पथकासमोर उभे राहून काम करणाऱ्याने ही मर्यादा कधी ओलांडली, हे त्याला कळतही नाही. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही आणि ऱ्हासाची सुरुवात बहुधा ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे व्यंजनांची स्पष्टता आणि तबल्याची धार जेथे असते तेथेच, होते. तंत्रज्ञ मग नकळत तो पट्टा वाढवत राहतो आणि त्याची गाणी इतरांना कर्कश वाटू लागतात. हेडफोनवर सलग तासाभरापेक्षा अधिक काम करू नये, मिक्सिंग शक्यतो बोलण्याच्या पातळीवर करावे, मंचाजवळ कानात प्लग घालावेत. व्यवसायात उतरतानाच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी, दरवर्षी ती पुन्हा करावी आणि सगळे आलेख एकाच फाइलीत तारीखवार लावून ठेवावेत. पहिला आलेख हाताशी असला, तरच पुढची घट वेळेवर ध्यानात येते.